फराळाचा हंगाम: आधी वही, मग कढई

हिशोबाची_वही (धागाकर्ती)

यंदा (2026) अधिक ज्येष्ठ आल्यामुळे दिवाळी लांबली आहे. दसरा 20 ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला. घरगुती फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्यांना त्यामुळे तयारीला चांगला वेळ आहे, आणि पाऊस सरल्यावरचं ऊनही मिळणार आहे. गणपतीची गडबड सुरू झाली की कोणाला वाचायला सवड नसते, म्हणून धागा आत्ताच काढते आहे.

या धंद्यात नव्याने उतरणाऱ्या प्रत्येकीला 'मनात आणलंस तर सगळं होईल' असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्या सदिच्छेची किंमत आहेच. पण धनत्रयोदशीला दारात पाच माणसं पिशव्या घेऊन उभी असताना धीर येतो तो वहीतल्या आकड्यांमुळे. आपल्याकडून किती होणार, कधी होणार आणि काही बिघडलं तर काय करायचं, हे आधी लिहिलेलं असलं की चेहऱ्यावरचं हसू आपोआप टिकतं. मला या धाग्यात हीच तयारी बारकाईने मांडलेली हवी आहे.

सुरुवात कढईपासून करू. वहीच्या पहिल्या पानावर एकच प्रश्न लिहा: माझी एक कढई दिवसाला किती देते? घरगुती मोठी कढई, एक जण सोऱ्यावर, एक जण झाऱ्यावर, अशी जोडी असेल तर चकली तासाला दीड ते पावणेदोन किलो उतरते. दिवसाचे आठ तास धरले तरी मळणं, तेल तापणं, ओटा धुणं आणि जेवण जाऊन प्रत्यक्ष तळण सहा तासच होतं. म्हणजे दिवसाला दहा किलो. हा आकडा माझ्यावर विश्वास ठेवून घेऊ नका. ऑगस्ट-सप्टेंबरात एक दिवस घड्याळ लावून तळा आणि आपला आकडा काढा.

आता दिवस. आश्विन शुद्ध दशमीपासून वद्य द्वादशीपर्यंत, म्हणजे दसऱ्यापासून वसुबारसेपर्यंत, यंदा 17 दिवस. यात पाच दिवस पॅकिंग, पोचवणं आणि आजारपण-पाहुणे यांना सोडून द्या. उरले बारा. बारा दिवसांची जी क्षमता निघेल तिच्या ऐंशी टक्क्यांपर्यंतच ऑर्डरी घ्या. उरलेले वीस टक्के गॅस संपणं, वीज जाणं, बाई न येणं यांसाठी आहेत. तसं काही झालंच नाही तर तेवढा माल वसुबारसेला हातोहात जातो.

पंचांग असं लावता येतं. पितृपक्षात खरेदी-विक्री थंड असते, तेव्हा डबे-झाकणं, वजनकाटा तपासणं, लेबलं छापणं आणि डाळी निवडणं उरकावं. घटस्थापनेला दरपत्रक पाठवावं. दसऱ्याला पहिली तळण. कोजागिरीला ऑर्डरी बंद. ही शेवटची ओळ दरपत्रकावरच ठळक छापा. 'कोजागिरीनंतर ऑर्डर घेतली जाणार नाही' असं आधी वाचलेलं असलं की नंतरचा नकार कोणाला टोचत नाही.

करण्याचा क्रम टिकाऊपणावर ठरवायचा. शंकरपाळे आणि शेव आधी, मग चकली, चिवडा, मग बेसनाचे लाडू आणि सुक्या खोबऱ्याच्या करंज्या. ओल्या नारळाचं काहीही असेल तर ते ज्या दिवशी द्यायचं त्याच्या आदल्या दिवशी, आणि दोन दिवसांत संपवा असं सांगूनच.

जाणकारांनी आपापला भाग उचलावा. चकलीवर कढईकाठ यांनी लिहावं ही विनंती.


कढईकाठ

वहीताई, ऐंशी टक्क्यांचा नियम सोन्यासारखा आहे.

चकलीबद्दल. भाजणीचं प्रमाण घरोघरी वेगळं असतं, पण विक्रीसाठी एकच ठरवून त्याला चिकटून राहावं. एक चालणारं प्रमाण: तांदूळ 1 किलो, हरभरा डाळ 500 ग्रॅम, मूग डाळ 250 ग्रॅम, उडीद डाळ 250 ग्रॅम, पोहे 125 ग्रॅम, धणे 50 ग्रॅम, जिरे 25 ग्रॅम. तांदूळ आणि डाळी धुऊन सावलीत पूर्ण वाळवायच्या आणि प्रत्येक धान्य वेगळं, मंद आचेवर भाजायचं. सगळं एकत्र भाजलं की पोहे करपतात आणि हरभरा डाळ कच्ची राहते.

मोहन, म्हणजे पिठात घालायचं गरम तेल, किलोला साधारण 100 मिली. उकळतं पाणी आधी वाटीला पाऊण वाटी घ्या, उकड झाकून ठेवा, मग मळताना लागेल तसा कोमट पाण्याचा हात लावा. पाण्याचं माप दर दळणाला थोडं हलतं, म्हणून सगळं पीठ एकदम भिजवू नये. एका वेळी किलोभरच.

तेलाचं तापमान 160 ते 170 अंश. स्वयंपाकाचा थर्मामीटर फार महाग नसतो, तो घ्याच. नसेल तर पिठाची छोटी गोळी टाकून पाहा. ती तळाशी क्षणभर थांबून सावकाश वर यायला हवी. टाकल्याबरोबर उसळली तर तेल जास्त तापलंय. चकल्या टाकल्यावर तेलाची चळचळ हळूहळू कमी होते, आणि ती जवळजवळ थांबली की काढायची. रंगावर जाऊ नका. तिखट लाल असेल तर रंग फसवतो.

पहिल्या घाण्यातली एक चकली गार झाल्यावर मोडून बघायची. मोडताना कट् असा आवाज यायला हवा आणि मोडलेल्या टोकाला मधोमध बारीक पोकळ नळी दिसायला हवी. आत ओलसर, चिकट रेघ दिसली तर ती आज कुरकुरीत वाटली तरी उद्या मऊ पडणार.

बिघडते कुठे:

सोऱ्यातून पडतानाच तुटते: पीठ कोरडं किंवा मळणं कमी. पाण्याचा हात घेऊन पुन्हा मळा.

तेलात विरते, तळाशी चुरा साठतो: मोहन जास्त. त्यात थोडी कोरडी भाजणी मिसळून मळा आणि आधी एकच चकली टाकून पाहा.

दाताला कडक: मोहन कमी, नाहीतर मंद आचेवर फार वेळ ठेवली.

तेलकट: तेल तापायच्या आधी टाकली किंवा कढई गच्च भरली. एका वेळी कढईचा वरचा भाग दोन-तृतीयांश भरेल एवढ्याच चकल्या.

दुसऱ्या दिवशी मऊ: मोठ्या आचेवर बाहेरून लाल केली, किंवा कोमट असताना डब्यात भरली.

तेल किती वेळा वापरायचं यावर कंजुषी नको. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे तळणीच्या तेलातली ध्रुवीय संयुगं (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात साठणारे खराब घटक) 25 टक्क्यांच्या वर जाता कामा नयेत. 1 जुलै 2018 पासून हा नियम लागू आहे. ते मोजायचं यंत्र घरी नसतं. पण तेल काळपट, दाट झालं, फेस वर येऊन बसायला लागला, नेहमीच्या आचेवर धूर निघू लागला, की ते गेलं. दर घाण्यानंतर तळाचा चुरा जाळीच्या झाऱ्याने काढत राहिलात तर तेल जास्त टिकतं. तेल आधी नासतं ते या जळलेल्या चुऱ्यामुळे.


नवी_सुगरण

दोघांचेही आभार. वाचनखूण साठवली. एक शंका आहे: भाजणी सगळी एकदम दळून ठेवावी की टप्प्याटप्प्याने?


गिरणीवाला

ताई, दोन टप्प्यांत दळा. पहिलं दळण दसऱ्याच्या आठ दिवस आधी, दुसरं कोजागिरीच्या आसपास. दिवाळीच्या तोंडावर गिरणीत रांग लागते, आणि घाईत दळलेलं पीठ जाडं-बारीक येतं.

गिरणीत येताना तीन गोष्टी सांभाळा. भाजलेलं धान्य पूर्ण गार करून आणा. गरम धान्य दळलं की पीठ जात्यातच ओलावतं आणि घरी डब्यात गुठळ्या होतात. दुसरं, आमच्या आधी काय दळलं ते विचारा. मिरचीनंतर किंवा नाचणीनंतर भाजणी टाकू देऊ नका, तांदळानंतर चालेल. तिसरं, पीठ घरी गेल्यावर परातीत पसरून गार होऊ द्या, मगच झाकण.

भाजणी बारीक हवी, पण चिमटीत घेतल्यावर किंचित कणी लागली पाहिजे. लाडवाचं बेसन मात्र रवाळ. 'लाडवाला' असं स्पष्ट सांगा, नाहीतर गिरणीवाला भज्याचं समजून बारीक दळून देतो आणि लाडू टाळूला चिकटतात.

पहिल्या दळणातून शंभर ग्रॅम काढून लगेच चकली करून बघा. प्रमाण चुकलं असेल तर ते शंभर ग्रॅमला कळावं. दहा किलोला कळलं तर सुधारायला जागा उरत नाही.


तागडी

आता पैशाचं बघू. बहुतेक घरगुती फराळवाल्या इथेच मार खातात. माल उत्तम असतो, लोक नावाजतात, आणि भाऊबीजेला हिशोब केला की हातात काही उरत नाही. मग पुढच्या वर्षी उत्साह येणार कुठून?

पाच किलो भाजणीच्या चकलीचा हिशोब मांडू. भाव समजुतीसाठी धरले आहेत, तुमच्या गावचे घाला.

भाजणी 5 किलो, दळणासकट किलोला 90 धरून: 450 रुपये.
तेल अडीच लिटर (यात चकलीत गेलेलं, मोहनाचं आणि टाकून दिलेलं सगळं आलं), लिटरला 150 धरून: 375.
तिखट, तीळ, ओवा, हिंग, मीठ: 100.
गॅस: 150.
दोन माणसं चार-चार तास, तासाला 75 धरून: 600.
अर्ध्या किलोच्या 12 पिशव्या, लेबलासकट 12 रुपयांप्रमाणे: 144.

एकूण 1819 रुपये. चकल्या उतरल्या साडेसहा किलो, त्यातली तुटकी-फुटकी काढून विकण्याजोगी 6.2 किलो. म्हणजे किलोला 293 रुपये पडले.

आता कोणी 320 रुपये भाव लावला तर किलोमागे 27 रुपये राहतात आणि ती खूश असते. त्याच चकल्या दुकानात ठेवल्या आणि दुकानदाराने वीस टक्के घेतले, तर 64 रुपये तिकडे गेले, हातात आले 256. किलोमागे 37 रुपयांचा तोटा, आणि जेवढी विक्री जास्त तेवढा खड्डा मोठा. दुकानात ठेवायचं असेल तर भाव दुकानाचं कमिशन धरून लावायचा आणि घरून विकतानाही तोच ठेवायचा. घरी स्वस्त, दुकानात महाग असं केलंत तर दुकानदार पुढच्या वर्षी दारात उभा करणार नाही.

स्वतःची मजुरी धरायचीच. 'मी घरचीच आहे, माझे कसले पैसे' हे वाक्य वहीत नको. एखाद्या दिवशी आजारी पडलात तर तुमच्या जागी दुसरी बाई लावावी लागेल आणि तिला पैसे द्यावे लागतील. ते पैसे भावात नसतील तर त्या दिवशी काम थांबेल.

आणि घरगुती लाल सिलिंडर धंद्याला वापरायचा नसतो, 19 किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो. हिशोब त्याच दराने करा.


डोंबिवली_जलद

हिशोब पटला. पण बाजारात शेजारचा स्वस्तात देतो तेव्हा गिऱ्हाइकाला काय सांगायचं? 'मावशी, समोर अडीचशेला मिळते' हे वाक्य दिवसातून दहादा ऐकावं लागतं.


तागडी

उत्तर आधी पाठ करून ठेवायचं. शेजाऱ्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. 'आमची शेंगदाणा तेलात आहे, परवा तळलेली आहे, तारीख पिशवीवर आहे. एक खाऊन बघा.' एवढंच, आणि चकली हातात द्यायची. तुटकी चकली यासाठीच वेगळ्या डब्यात ठेवायची. वाक्यातला प्रत्येक शब्द खरा हवा, हे सांगायला नकोच.

भाव उतरवू नका. पाच किलोच्या वर घेणाऱ्याला काही द्यायचं असेल तर पाव किलो शंकरपाळे वर द्या. दर एकदा खाली आला की पुढच्या वर्षी तोच मागितला जातो. वर दिलेल्या शंकरपाळ्यांची मात्र आठवण राहते.


खसखस

अनारशांवर कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. ऑर्डर घ्यायला बहुतेक जणी घाबरतात तो हाच पदार्थ. खरं तर तळण्याच्या आधी जवळजवळ दहा दिवस तयारीत जातात, आणि ती नीट झाली तर घाबरण्यासारखं काही उरत नाही.

जुना जाड तांदूळ तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी उपसून सुती कापडावर सावलीत पसरायचा. हाताला दमट लागला पाहिजे, पण बोटाला पाणी लागता कामा नये. याच अवस्थेत दळून बारीक चाळणीने चाळायचं. पूर्ण वाळला तर अनारसा दगड होतो. मग किलोभर दमट पिठाला 800 ते 900 ग्रॅम किसलेला चिकीचा नसलेला गूळ आणि दोन मोठे चमचे तूप. चिकीचा गूळ अनारशाला चालत नाही. गोळे घट्ट डब्यात चार-पाच दिवस मुरवत ठेवायचे.

तळताना खसखशीवर थापायचा, खसखस वर ठेवून मंद आचेवर तुपात सोडायचा आणि उलटायचा नाही. झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. जाळी पडते ती याच वेळी. बारीक बुडबुडे वर येऊन फुटतात आणि त्यांच्या जागी भोकं राहतात. काढल्यावर चाळणीत उभे करून निथळत ठेवायचे.

अनारसा तुपात हसला, म्हणजे पसरून विरघळला, तर गूळ जास्त झालाय किंवा पीठ जास्त ओलं आहे. थोडी कोरडी तांदळाची पिठी मिसळा, तासभर ठेवा, पुन्हा एक टाकून बघा. जाळीच पडली नाही, कडक झाला, तर मुरला नाही किंवा गूळ कमी. दुधाचा हात लावा किंवा पिकलेल्या केळ्याचा छोटा तुकडा मळा. केळं घातलेलं पीठ मात्र त्याच दिवशी संपवायचं.

मुरलेलं पीठ बरेच दिवस टिकतं, म्हणून हे काम नवरात्रातच उरकून ठेवा. दिवाळीत फक्त तळण उरलं पाहिजे.


कढईकाठ

खसखसताई, अप्रतिम. एकच भर घालतो: गूळ एकदम सगळा घालू नका. 750 ग्रॅमपासून सुरुवात करून एक अनारसा तळून बघावा. कमी पडलेला गूळ वाढवता येतो.


लेबलकरी

कागदपत्रांबद्दल थोडक्यात, कारण याची भीती उगाच बाळगली जाते.

अन्न सुरक्षेची नोंदणी घरून विकणाऱ्यालाही लागते. फॉसकॉस या संकेतस्थळावर अर्ज होतो, 14 अंकी क्रमांक मिळतो. तो लेबलवर येतो आणि 1 जानेवारी 2022 पासून बिलावरही लिहावा लागतो. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आधारवर होते आणि तिला एक रुपयाही लागत नाही. पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नाहीत. हे अर्ज नवरात्र उजाडल्यावर करू नका, आत्ता करा.

बंद पिशवीवर हे हवं: पदार्थाचं नाव, घटक (वजनाने जास्त असलेला आधी), पोषणमूल्यं, हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका, निव्वळ वजन, बॅच क्रमांक, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन, सर्व करांसह कमाल किंमत आणि प्रति ग्रॅम दर. शंकरपाळ्यात मैदा आहे, चिवड्यात शेंगदाणे आहेत, चकलीत तीळ आहेत; ॲलर्जीची सूचना वेगळी लिहायची.

जीएसटी: महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात मालाची विक्री वर्षाला 40 लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही. पण राज्याबाहेर, म्हणजे बेळगावला किंवा बंगळुरूला माल विकायचा असेल तर पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. फरसाणावरचा कर 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे.

टिकण्याची तारीख अंदाजाने छापू नका. प्रत्येक पदार्थाच्या प्रत्येक बॅचच्या तीन छोट्या पिशव्या राखून ठेवा, सातव्या, पंधराव्या आणि तिसाव्या दिवशी फोडा, वास घ्या, खा, वहीत लिहा. चिवड्यात आधी खवट होतात ते शेंगदाणे आणि खोबरं. पारदर्शक पिशवी खिडकीत ठेवली तर उन्हाने आणखी लवकर. सप्टेंबरातच ही चाचणी सुरू केली की ऑक्टोबरात छापायला खरी तारीख हातात असते.


परदेशी_डबा

परदेशी पाठवणाऱ्यांसाठी. अमेरिकेत 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलला मिळणारी आयातकराची सूट 29 ऑगस्ट 2025 पासून बंद झाली आहे. त्यामुळे कुरिअरवाल्याला आधीच विचारा की कर कोण भरणार, इथे पाठवणारा की तिथे घेणारा. दारात पैसे मागितले की तिकडचं माणूस डबा परत पाठवतं. विकलेल्या खाद्यपदार्थाला तिथल्या अन्न-औषध प्रशासनाची पूर्वसूचनाही लागते, ती कोण भरणार हेही विचारून घ्या.

दुधाचं काही नको. करंज्या आणि लाडू प्रवासात चुरतात. चकली उभी रचून, मध्ये कागद घालून, डब्यात हलणार नाही अशी भरायची. भरलेला डबा कमरेच्या उंचीवरून एकदा खाली टाकून उघडून बघा. पॅकिंगची याहून चांगली परीक्षा नाही. पार्सल दसऱ्याला निघालं पाहिजे, म्हणजे परदेशी ऑर्डरींची तळण नवरात्रात येते. वहीताईंच्या वेळापत्रकात हा टप्पा वेगळा धरा.


सातची_पाळी

इथवर माल, पैसा, कागद झाले. आता माणसांबद्दल, कारण हिशोब चोख असूनही नवव्या-दहाव्या दिवशी घरात आवाज चढतात आणि चकलीपेक्षा मनं जास्त मोडतात. उमेद टिकवायचीही तयारी करावी लागते आणि तीसुद्धा दसऱ्याच्या आधीच.

सकाळी काम सुरू करताना दहा मिनिटं सगळ्यांनी चहा घेत बसायचं. आज काय, किती, कोण कुठे, हे मोठ्या अक्षरात कागदावर लिहून भिंतीला चिकटवायचं. संध्याकाळी झालेल्यावर टिक करायची. थकलेल्या माणसाला केलेलं काम दिसलं की बरं वाटतं. नुसतं 'चला, उरका' म्हणून उरक येत नाही.

कढईसमोर कोणालाही सलग दीड तासाच्या वर उभं करू नका. सोऱ्या आणि झारा आलटून-पालटून. उभं राहायच्या जागी जाड गोणपाट किंवा रबरी चटई. पाण्याचा तांब्या हाताशी, दर तासाला प्यायचंच. सुती कपडे, ओढणी-पदर खोचलेला, मुलं स्वयंपाकघराबाहेर.

मदतीच्या बायकांचा रोजचा पगार रोज संध्याकाळी. 'दिवाळी झाल्यावर एकदम देते' हे नको. तिलाही दिवाळीचा बाजार करायचा असतो. जी ठरलेली आहे ती आली नाही तर कोणाला बोलवायचं, त्या दोघींची नावं आणि फोन आधीच वहीत. त्यांना नवरात्रात एकेक दिवस बोलावून हात बसवून घ्या, अर्थात पगार देऊन.

भाजलं तर वाहत्या साध्या पाण्याखाली 20 मिनिटं धरायचं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही. फोड मोठा असेल किंवा चेहऱ्यावर, डोळ्याजवळ असेल तर सरळ डॉक्टरकडे. तेलाने पेट घेतला तर गॅस बंद, कढईवर मोठं झाकण, आणि पाणी कधीही नाही. झाकण कढईशेजारीच हवं, कपाटात नाही. हे घरातल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी करून दाखवा. धोक्याच्या वेळी काय करायचं हे माहीत असलेली माणसं निवांत काम करतात.


नवी_सुगरण

आणि तक्रार आली तर? आपण जीव ओतून केलेलं असतं, आणि कोणी 'चकली मऊ आहे' म्हटलं की हातपाय गळतात.


हिशोबाची_वही (धागाकर्ती)

ताई, जीव ओतला म्हणूनच लागतं ते. म्हणून तक्रारीचं पानही आधी आखून ठेवावं.

पहिलं वाक्य ठरलेलं: 'सांगितलंत ते बरं झालं, पिशवीवरचा बॅच क्रमांक वाचून दाखवता का?' हा प्रश्न विचारला की दोन्ही बाजूंचा राग उतरतो, कारण बोलणं लगेच वस्तूवर येतं. मग त्या बॅचची राखून ठेवलेली पिशवी फोडा. तीही मऊ असेल तर चूक आपली. त्या बॅचची पिशवी गेलेल्या सगळ्यांना, त्यांनी तक्रार केली नसली तरी, स्वतः फोन करा आणि बदलून द्या. राखीव पिशवी कुरकुरीत असेल तर घरी डबा उघडा राहिला असेल, पण ते सिद्ध करत बसू नका. अर्धा किलो बदलून द्यायला 150 रुपये खर्च होतो. तागडी यांच्या हिशोबात 'बदली' म्हणून दोन टक्के आधीच धरा, म्हणजे देताना हात आखडत नाही.

बदलून दिल्यावर वहीत तीन रकाने: काय झालं, का झालं, पुढे काय बदललं. तिसरा रकाना रिकामा ठेवायचा नाही.

नकाराचं वाक्यही असंच ठरवून ठेवा. कोजागिरीनंतर ओळखीचं कोणीतरी फोन करणारच, 'फक्त दोन किलो'. 'बघते' म्हणू नका. 'बघते' हे ऐकणाऱ्याला 'हो' वाटतं. 'आता घेतली तर आधीच्यांचं चुकेल. राखीव मालातलं वसुबारसेला उरलं तर पहिला फोन तुम्हाला' असं म्हणा, नाव लिहून घ्या, आणि खरंच पहिला फोन त्यांना करा.

आगाऊ रक्कम निम्मी, ऑर्डर नोंदवतानाच. नाव, फोन, पदार्थ, किलो, तिखट किती, कोणत्या तारखेला, घरपोच की घेऊन जाणार. हे सात रकाने भरल्याशिवाय ऑर्डर धरायची नाही. लिहून झाल्यावर तोच तपशील गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर पाठवा आणि 'बरोबर आहे' असं उत्तर घ्या. निम्मे वाद इथेच मिटतात.


गिरणीवाला

वीज जाण्याचं राहिलं. तळणीला वीज लागत नाही, पण पंखा, मिक्सर आणि पिशवी बंद करायचं यंत्र अडतं. करंजीचं सारण, पिठीसाखर आदल्या दिवशी करून ठेवा. पिशव्यांसाठी मेणबत्ती वापरू नका, प्लास्टिक पातळ होऊन सूक्ष्म भोक राहतं आणि आतला माल चार दिवसांत सादळतो. त्या दिवशी घट्ट झाकणाच्या डब्यांत भरा, वीज आल्यावर पिशव्या.


नवी_सुगरण

बेसनाचे लाडू बसतात, म्हणजे खालून चपटे होतात, त्याचं काय कारण?


खसखस

तीन कारणं असतात. तूप जास्त, बेसन गरम असताना साखर घातली, किंवा वळून लगेच डब्यात रचले. किलोभर रवाळ बेसनाला 500 ग्रॅम तूप पुरतं. मंद आचेवर 40 ते 45 मिनिटं भाजायचं. तूप कडेला सुटून मिश्रण हलकं झालं, कालथ्यावरून सरसर पडायला लागलं की झालं. मग बोट बुडवता येईल इतकं कोमट होऊ द्या आणि मगच 800 ग्रॅम पिठीसाखर. वळलेले लाडू ताटात सुटे ठेवून रात्रभर बसू द्या, सकाळी डब्यात.

आधीच चपटे झाले असतील तर सगळे मोडून परातीत पसरा, अर्धा तास गार जागी ठेवा, घट्ट झालं की पुन्हा वळा. चव बिघडत नाही.


हिशोबाची_वही (धागाकर्ती)

खसखसताई, हे पहिल्या पानाच्या मागे लिहून घेतलं.

नवी_सुगरण, तुमच्यासाठी या रविवारचं काम: किलोभर भाजणी, घड्याळ आणि वजनकाटा. तळायला किती वेळ लागला, किती ग्रॅम उतरलं, किती तुटलं, तेल किती कमी झालं, हे चार आकडे इथे टाका. त्यावरून तुमची क्षमता आणि भाव आपण याच धाग्यात मिळून काढू. तीन पिशव्या राखायला विसरू नका.